घरी अप्रेझल नसतं

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कुठं घालावं, पाठ-मान कशी सरळ ठेवावी, नजर कुठं स्थिर करावी, हे सगळं भगवंत अर्जुनाला सांगतायत. वाचता वाचता आपण मनानं हिमालयातल्या एखाद्या गुहेत पोचतो. आणि तेवढ्यात भगवंत एकदम ताटापाशी आणि अंथरुणापाशी येतात. म्हणतात, जो अति खातो त्याला योग साधत नाही, आणि जो खातच नाही त्यालाही नाही. जो सारखा झोपून असतो त्याला नाही, आणि जो सारखा जागतो त्यालाही नाही. मग सतराव्या श्लोकात एकापाठोपाठ एक गोष्टी येतात: आहार, विहार, कामातली धडपड, झोप आणि जाग. हे सगळं ज्याचं 'युक्त' आहे, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

आज यातल्या एकाच गोष्टीपाशी थांबूया. कामातली धडपड.

खाण्यात अति नको, झोपेत अति नको, हे कुणालाही पटतं. पण कामातही अति असू शकतं, आणि ते जेवण-झोपेच्याच पंगतीत बसवून मोजायचं असतं, हे आपल्या लक्षात येत नाही. कारण कामाच्या अतिला कुणी नावं ठेवत नाही. जास्त खाणाऱ्याला आपण खादाड म्हणतो, जास्त झोपणाऱ्याला आळशी. जास्त काम करणाऱ्याला मात्र 'डेडिकेटेड' म्हणतो, आणि वर्षाअखेरीस त्याला रेटिंगही चांगलं मिळतं. भगवंतांनी मात्र भेद केलेला नाही. त्यांच्या यादीत काम हे जेवणाच्या शेजारीच आहे.

आधी थोडा हिशोब

आठवड्याचे तास १६८. हे अंबानींनाही तेवढेच आणि आपल्यालाही तेवढेच.

२०२३ साली नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं म्हटलं तेव्हा खूप चर्चा झाली होती. २०२५ च्या सुरुवातीला एका बड्या कंपनीच्या प्रमुखांनी ९० तासांचा विषय काढला, आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही विचारलं. त्यावर मीम्स झाले, आपण सगळे हसलो आणि सोमवारी कामाला लागलो. पण गणित करून बघा. ७० तास काम. मुंबईत किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन रोज अडीच तास धरले, तर सहा दिवसांचे १५. रोज सात तास झोप म्हणजे ४९. आंघोळ, जेवण, आवराआवर यांना रोजचे दोन तास म्हणजे १४. बेरीज झाली १४८. उरले २० तास. त्या २० तासांत नवरा-बायको, मुलं, आई-वडील, व्यायाम, वाणसामान, बँक, लग्न-मुंजी, आजारपण आणि भगवंत. फोनला किती तास जातात ते ज्याचं त्यानं स्क्रीन टाइममध्ये बघावं.

यात सगळ्यात आधी कापली जाते ती झोप. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यात दिसलं. सोळाव्या श्लोकात 'सारखा जागणारा' म्हणून ज्याचा उल्लेख आहे, तो फक्त रात्रभर जप करणारा बैरागी नव्हे. रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल सुरू करून साडेअकराला संपवणारा आणि मग 'आता जरा माझा वेळ' म्हणून दीडपर्यंत रील्स बघणाराही त्यात आलाच.

हट्टाचं तप

इथं कुणी म्हणेल, कष्ट करणं हेही तपच ना? शरीराला त्रास झाला तर झाला.

याचं उत्तर सतराव्या अध्यायात आहे, पाचव्या आणि सहाव्या श्लोकात. तिथं भगवंत अशा लोकांबद्दल बोलतात, जे शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करतात. त्यांच्या मागं दंभ आणि अहंकार असतो, वासना आणि हट्टाचं बळ असतं. ते आपल्या शरीराला नुसतं सुकवतात, आणि त्या शरीराच्या आत राहणाऱ्या मलाही त्रास देतात, असं भगवंत म्हणतात. अशा तपाला त्यांनी आसुरी म्हटलंय.

'मी चार तासच झोपतो.' 'दोन वर्षांत एकही सुट्टी घेतली नाही.' ही वाक्यं आपण कोणत्या सुरात बोलतो? तक्रारीच्या सुरात क्वचितच. बहुतेक वेळा त्यात थोडी ऐट असते. म्हणजे दंभ आला, अहंकार आला, शरीर सुकवणंही आलं. फक्त जटा आणि कमंडलूच्या जागी लॅपटॉप आणि चौथी कॉफी. आणि आत बसलेल्या भगवंताला ॲसिडिटी.

ज्ञानदेवांनी या श्लोकांवर लिहिताना दोन्ही टोकं दाखवली आहेत. जिभेच्या आणि झोपेच्या ताब्यात गेलेला माणूस योगाला पात्र नाही, आणि हट्टाला पेटून भूक-तहान-झोप मारणाराही नाही. मग पात्र कोण? जो खातो, पण मापानं. बोलतो, चालतो, झोपतो, पण मापानं. इथं शरीर हा शत्रू मानलेला नाही.

युक्त म्हणजे सारखं वाटून नव्हे

'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हटलं की डोळ्यांपुढं तराजू येतो. एका पारड्यात ऑफिस, दुसऱ्यात घर. दोन्ही रोज समान राहिली पाहिजेत. ते राहत नाहीत, आणि मग आपण सारखे अपराधी. ऑफिसात असलो की घराबद्दल, घरी असलो की ऑफिसबद्दल.

गीतेचा शब्द 'सम' नाही, 'युक्त' आहे. योग ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून युक्तही आला. जोडलेलं, जुळलेलं, त्या त्या वेळेला शोभणारं. गावाकडं पेरणीच्या दिवसांत शेतकरी घड्याळ बघत नाही. पाऊस झाला, वाफसा आला की घरातलं लहान-मोठं सगळं रानात. सुगीतही तेच. त्या दिवसांत कुणी म्हणत नाही की घराकडं दुर्लक्ष होतंय, कारण सगळ्यांना माहीत असतं की हे थोड्या दिवसांचं आहे. पुढं जत्रा आहे, लग्नसराई आहे, पंढरीची वारी आहे. रिलीजचा आठवडा, मार्चएंड, ऑडिटचा महिना, रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरची ती तीन वर्षं, या आपल्या सुग्या आहेत. त्या दिवसांत जास्त काम करणं युक्तच आहे. आणि घरात तान्हं बाळ असताना, बाबांची बायपास झालेली असताना कामाचा वेग कमी करणं हेही तितकंच युक्त.

गडबड कुठं होते? आपल्याकडं सुगी बारा महिने चालते. एक रिलीज संपलं की दुसरं. 'एवढा प्रोजेक्ट होऊ दे, मग बघू' हे वाक्य चौथ्या वर्षीही तसंच ऐकू येत असेल, तर ती सुगी राहिली नाही. तो आपला स्वभाव झाला.

तो प्रसिद्ध श्लोक नेमका कुठं लावायचा?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

गीतेतला सगळ्यात जास्त छापला गेलेला श्लोक बहुधा दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा असावा. तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. ऑफिसच्या भिंतीवर, मोटिव्हेशनल स्पीकरच्या स्लाइडवर, लिंक्डइनच्या पोस्टवर, सगळीकडे तो असतो. आणि त्याचा अर्थ साधारण असा घेतला जातो: काम करत राहा, मोबदल्याचं विचारू नका.

पण जरा शांतपणे बघा. ऑफिस ही जगातली सगळ्यात फलप्रधान जागा आहे. तिथं प्रत्येक कामाला फळ जोडलेलं असतं. पगार महिन्याच्या महिन्याला. टार्गेट तिमाहीचं. अप्रेझल वर्षाचं. टिकेट बंद केलं की हिरवी खूण. चांगलं प्रेझेंटेशन दिलं की चारचौघांत कौतुक, मेलमध्ये वरिष्ठांना कॉपी. यात वाईट काही नाही. पण याला निष्काम म्हणता येणार नाही.

आता घर बघा. आज भांडी घासली, उद्या तेवढीच पुन्हा. मुलाला अभ्यासाला बसवलं, त्यानं थँक्यू म्हटलं नाही, उलट तोंड वाकडं केलं. आजीला विसरायला होतं. तिनं एकच प्रश्न सकाळपासून अकरा वेळा विचारला, तुम्ही अकराव्या वेळीही शांतपणे उत्तर दिलं. ते कुठंही नोंदलं जाणार नाही, आणि आजीच्याही लक्षात राहणार नाही. बायकोचं बोलणं अर्धा तास मध्ये न तोडता ऐकलं, याचं रेटिंग मिळत नाही. घरी अप्रेझल नसतं. घरातलं काम 'डन' होत नाही, ते फक्त करत राहायचं असतं.

मग सांगा, फळाची आशा न धरता कर्म करायला शिकायची खरी जागा कोणती?

मला वाटतं, आपल्यापैकी बरेच जण ऑफिसात जास्त वेळ थांबतात ते फक्त कामाच्या ओझ्यामुळं नाही. तिथं आपण हुशार असतो. तिथं आपलं ऐकलं जातं. तिथं प्रश्नाला उत्तर असतं. घरी आल्यावर आपण एक साधा नवरा, साधी सून, साधा मुलगा. तिथले प्रश्न सुटत नाहीत, फक्त सोबत करावी लागते. सोबत करणं दमवतं, आणि त्यातून सांगण्यासारखं काही हाती लागत नाही. साडेसातला लॅपटॉप बंद करता येत असताना साडेआठपर्यंत तो उघडा ठेवणारा माणूस कधी कधी बॉसमुळं थांबलेला नसतो. फळ मिळतं तिथं मन रमतं, म्हणून तो थांबलेला असतो.

'तुमच्यासाठीच तर करतोय'

या वाक्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आणि हे वाक्य खोटं नसतं, म्हणूनच ते अवघड आहे. होम लोनचा हप्ता खरा आहे. मुलांच्या शाळेची फी खरी आहे. आई-बाबांचा मेडिक्लेम वय वाढेल तसा महाग होतो, हेही खरं. कुणीतरी कमावलं नाही तर घर चालणार नाही.

तरीही हे वाक्य गीतेपुढं ठेवून पाहूया. अठराव्या अध्यायात भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. आपल्या वाट्याला आलेलं कर्म मोहापोटी सोडणं हा तामस त्याग. दुःखदायक आहे, शरीराला कष्ट पडतील, या भीतीनं सोडणं हा राजस त्याग, आणि अशा त्यागाचं फळ मिळत नाही. कर्तव्य म्हणून कर्म करत राहायचं आणि आसक्ती व फळ तेवढं सोडायचं, हा सात्त्विक त्याग.

आता 'मी कुटुंबासाठी माझा सगळा वेळ त्यागला' हे वाक्य त्यावर घासून बघा. मी नेमकं काय सोडलं? मुलीच्या झोपायच्या वेळी घरी असणं सोडलं. बाबांना डॉक्टरांकडे नेणं सोडलं. जोडीदाराशी निवांत बोलणं सोडलं. ही सगळी माझ्या वाट्याला आलेली कर्मंच होती. आणि काय सोडलं नाही? बढती, पद, 'माझ्याशिवाय टीमचं चालत नाही' ही भावना. म्हणजे कर्तव्य सोडलं आणि फळ धरून ठेवलं. भगवंतांनी सांगितलं होतं ते बरोबर उलट.

प्रत्येकाचं असंच असतं असं नाही. पण कसोटी सोपी आहे. ज्यांच्यासाठी करतोय म्हणतो, त्यांना एकदा विचारून बघायचं: तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? पुष्कळदा त्यांनी मागितलेली गोष्ट आपण कमावत असलेल्या गोष्टीपेक्षा फारच स्वस्त निघते.

बाण करणारा आणि एक पै

याची दुसरी बाजूही शास्त्रातच आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं आपले २४ गुरू सांगितले आहेत. त्यात एक बाण करणारा कारागीर आहे. तो बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गढलेला होता की शेजारून राजा गेला तरी त्याला कळलं नाही. अवधूतानं त्याच्याकडून एकाग्रता घेतली. म्हणजे कामात बुडून जाणं हा दोष नाही. ते शिकण्यासारखं आहे.

त्याच यादीत एक कपोतही आहे. बायको-पिल्लांत इतका गुंतलेला, की ती जाळ्यात सापडल्यावर हाही भान हरपून त्याच जाळ्यात जाऊन पडतो. तेव्हा 'घर चांगलं, करिअर वाईट' असा सोपा निकाल शास्त्र देत नाही. घराचीही मूर्ती करून पुजता येते, आणि तिच्यापायी बुडताही येतं.

या एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली. तेच आपलं एकनाथी भागवत. आणि लिहिणारे स्वतः पैठणचे संसारी गृहस्थ. पत्नी गिरिजाबाई, मुलं, येणारे-जाणारे, आणि त्यातच एवढा मोठा ग्रंथ.

नाथांची एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. आजच्या भाषेत फुल टाइम जॉब, तोही जबाबदारीचा. त्यांनी नाथांकडे हिशोबाचं काम दिलं. एका रात्री हिशोबात एक पै जुळेना. नाथ रात्रभर बसले. पहाटे चूक सापडली, तेव्हा आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. स्वामींनी काय झालं म्हणून विचारलं आणि मग म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर या संसारातली मोठी चूक सापडली तर केवढा होईल!

या गोष्टीत स्वामींनी नाथांना रागावलेलं नाही. हिशोब सोडून जप कर, असंही म्हटलेलं नाही. एका पैसाठी रात्रभर जागणारं लक्ष ही मोठी शक्ती आहे, हे त्यांनी ओळखलं, आणि ती आणखी कुठं लावता येते ते दाखवलं. आपल्याकडंही ती शक्ती आहे. एक्सेलच्या चाळीस हजार ओळींत एक चुकलेला आकडा आपण शोधून काढतो. तोच माणूस घरी तीन आठवडे बायको नेहमीपेक्षा कमी बोलतेय, हे टिपत नाही. मुलगा डबा अर्धा परत आणतोय, हे टिपत नाही. राजा शेजारून गेला आणि कारागिराला कळलं नाही, ते ठीक आहे. राजा पुन्हा येतो. पण त्या कारागिराचं पोर बाजूनं चालत चालत मोठं झालं आणि त्याला कळलं नाही, तर ते पोर पुन्हा लहान होऊन येत नाही. बाण खाली ठेवता येणं, हीसुद्धा कारागिरीच आहे.

'मदत' हा शब्द

लग्न झालेल्या वाचकांसाठी थोडं स्पष्ट बोलतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की, घरकाम करणाऱ्यांमध्ये बाई त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे तिचे पावणेपाच तासांहून जास्त, त्याचा दीड ताससुद्धा नाही. आज किती घरांत दोघंही नोकरी करतात! मग वरचा १६८ तासांचा हिशोब तिच्या बाजूनं मांडून बघा. तिच्याकडे ते २० तासही उरत नाहीत.

'मी घरात मदत करतो' असं आपण कौतुकानं म्हणतो. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. घर जर दोघांचं असेल, तर त्यात मदत कशी होईल? ते आपलं नियत कर्मच झालं. आणि भांडी-कपड्यांच्या पलीकडे एक न दिसणारं काम असतं, ते म्हणजे लक्षात ठेवायचं काम. लसीची तारीख, संपत आलेली डाळ, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज. ते बहुतेक घरांत एकाच डोक्यात साठलेलं असतं.

आणि भक्ती करणाऱ्यांनी तर जास्त सावध राहावं. नामदेव गाथेत आई गोणाई आणि पत्नी राजाई यांची गाऱ्हाणी आहेत: हा सदा विठ्ठलापाशी, घराकडं कोण बघणार? आपल्या परंपरेनं ही गाऱ्हाणी पुसून टाकली नाहीत. नामदेवांच्या अभंगांसोबत ती जपून ठेवली. देवाच्या नावानं घर टाळलं तरी घरच्यांचा आवाज ऐकायचा, एवढं यातून नक्की शिकता येतं. मग क्लायंटच्या नावानं टाळणाऱ्याला सूट कशी मिळेल?

वीट

आपल्या पंढरपूरची सगळी कथाच याच प्रश्नावर उभी आहे. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. साक्षात भगवंत दाराशी आले. त्यानं सेवा सोडली नाही आणि देवाचा अनादरही केला नाही. एक वीट पुढं सरकवली आणि म्हणाला, जरा यावर उभे राहा, हातातलं काम संपवून येतो. देव कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अठ्ठावीस युगं झाली तरी उभाच आहे. रागावला नाही. उलट तिथंच राहिला.

यात मला पुंडलिकाची पद्धत फार आवडते. त्यानं 'नाही' म्हटलं नाही. त्यानं थांबायला जागा दिली. वेळ सांभाळण्यासाठी हेच करावं लागतं. 'साडेसात ते नऊ मी उपलब्ध नसतो, नऊनंतर बघतो' हे आपल्या कामाला दिलेली वीट आहे. प्रत्येक काम थांबत नाही हे मान्य. पेशंट थांबत नाही, बंद पडलेला सर्व्हर थांबत नाही. पण एखाद्या दिवसाचे मेसेज नंतर चाळून बघा. त्यातले कितीतरी सकाळपर्यंत विटेवर सुखानं उभे राहिले असते.

ज्यांना निवडच नाही त्यांच्यासाठी

हे वाचणाऱ्यांत काही जण असे असतील की ज्यांच्या हातात फारसं काही नाही. घरात कमावणारं एकटं माणूस आहे. नाइट शिफ्ट करणारी नर्स आहे. दिवसाला किती ऑर्डर पोचवल्या यावर ज्याचं पोट आहे असा कुणी आहे. नोकरी सोडली तर व्हिसा जाईल, अशी परदेशात बसलेली कुणी आहे. तुम्हाला 'बॅलन्स करा' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तुमच्यासाठी जनाबाई आहे. परंपरा सांगते की तिच्या दळणाला विठ्ठल स्वतः हात लावायला आला. त्यानं तिला दळण सोडून मंदिरात ये म्हटलं नाही, जात्याचा खुंटा धरला. म्हणून तुमच्या घरच्यांना आणि मित्रांना माझी विनंती आहे की खुंट्याला दुसरा हात लावा. आणि तुम्हीही तो हात लावू द्या. सगळं एकट्यानंच ओढायचं, हाही हट्टच.

आणि कुणाला वाटत असेल की आता उशीर झाला, पोरं मोठी झाली, नात्यात बोलणं उरलं नाही. त्यांनी याच सहाव्या अध्यायात थोडं पुढं, चाळिसाव्या श्लोकापर्यंत जावं. चांगलं करू पाहणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही, असं भगवंत अर्जुनाला 'बाबा रे' अशा मायेनं सांगतात. पुंडलिकसुद्धा आधी आई-वडिलांशी नीट वागत नव्हता, अशीच कथा आहे.

या आठवड्याचा अभ्यास

एक. रोजची एक वीट ठरवा. अर्धा तासच, पण ठरलेल्या वेळी. फोन दुसऱ्या खोलीत. त्या वेळात समोर जो असेल, आई, नवरा, लेकरू, तोच त्या वेळेचा विठ्ठल.

दोन. रविवारी जोडीदारासोबत चहा घेऊन बसा आणि घरातली सगळी कामं कागदावर लिहा, लक्षात ठेवायची कामंही. प्रत्येकापुढं नाव घाला. भांडण झालं तरी चालेल, कागद फाडू नका.

तीन. झोपायची वेळ ठरवा आणि ती पूजेच्या वेळेसारखी पाळा. आत राहणाऱ्याला विश्रांती देणं हीही सेवाच.

हे पहिल्या आठवड्यात जमणार नाही. मन आवरणं वाऱ्याला आवरण्यासारखं आहे, असं अर्जुनही म्हणाला होता. भगवंतांनी त्याला नाकारलं नाही. अवघड आहे, पण अभ्यासानं आणि वैराग्यानं जमतं, एवढंच म्हणाले.

हे पांडुरंगा, ज्या हातांनी आम्ही दिवसभर कीबोर्ड बडवतो, ते हात संध्याकाळी घरच्यांसाठी मोकळे असू देत. कामात जीव ओतायची ताकद दे, आणि वेळेवर काम खाली ठेवायचीही दे. आमच्या घरात जिथं कुणाचं कौतुक होत नाही, तिथं आम्हाला तू दिसू दे.

राम कृष्ण हरि!